त्या एका प्रश्नाचे उत्तर आधी द्या

वाचकाचे पत्र

मी पुण्यात राहतो. मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्यांमध्ये बारा वर्षे नोकरी केली आणि शेवटची पाच वर्षे मोठ्या आयटी कंपन्यांना कंत्राटी इंजिनियर पुरवण्याचे काम माझ्याकडे होते. गेल्या वर्षी नोकरी सोडून कंत्राटी आयटी कर्मचाऱ्यांसाठी ‘करिअर यशाची आठ सूत्रे’ हा अभ्यासक्रम सुरू केला. सहा रविवार, दर रविवारी चार तास, शुल्क २४,९९९ रुपये आणि त्यावर जीएसटी. मोफत वेबिनारला १४० जणांनी नाव नोंदवले, ६१ आले, चौघांनी प्रवेश घेतला आणि त्यातल्या दोघांनी पहिल्याच रविवारनंतर पैसे परत मागितले. शेवटच्या वेबिनारमध्ये एकाने सगळ्यांसमोर विचारले, “सर, २०२१ मध्ये मी तुमच्याच पेरोलवर होतो. दर वाढवून मागितला तेव्हा ‘क्लायंटकडे बजेट नाही’ असे तुम्ही म्हणालात. आता दर कसा मागायचा हे शिकवण्याचे पंचवीस हजार तुम्हीच घेणार का?” मी विषय बदलला. ही मंडळी स्वतःच्या प्रगतीवर खर्च करायला तयार नसतात आणि प्रत्येक गोष्टीवर संशय घेतात. त्यांचा विश्वास कसा मिळवावा? जाता जाता आणखी एक विचारतो. मी सुचवलेला उमेदवार कामावर लागला तर दोन स्टाफिंग कंपन्या मला ठरावीक मोबदला देतात. हे विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या दोन वेळा माझे लक्ष आकड्यांकडे गेले, कारण १४० नावांतून शेवटी दोन विद्यार्थी उरावेत याचे दुःख काय असते, हे स्वतःची बचत घालून काम सुरू केलेल्या माणसालाच कळते. तिसऱ्या वेळी मात्र मी त्या गृहस्थांच्या प्रश्नापाशी थांबले. तुम्ही तो प्रश्न अपमान म्हणून लिहून पाठवला आहे. मला तो तुमच्या व्यवसायाला आजवर मिळालेला सर्वांत उपयोगी प्रश्न वाटतो, आणि माझे बहुतेक उत्तर त्याच्याच भोवती फिरणार आहे.

प्रथम ‘संशय’ या शब्दाविषयी. मी स्वतः नऊ वर्षे थर्ड पार्टी पेरोलवर टेस्टिंगचे काम केले आहे, त्यामुळे ही मंडळी मला लांबून पाहावी लागत नाहीत. ज्या ऑफिसात रोज जायचे तिथल्या आयकार्डाच्या पट्टीचा रंग वेगळा, पगार करणारी कंपनी वेगळी, वार्षिक स्नेहसंमेलनाचे आमंत्रण नाही आणि ‘सहा महिने काम बघू, मग कायम करू’ हे वाक्य दर एक्स्टेंशनला, म्हणजे कंत्राटाच्या मुदतवाढीला, नव्याने ऐकायचे, अशा स्थितीत चार-पाच वर्षे काढलेला माणूस आश्वासन तपासून घ्यायला आपोआप शिकतो. त्यात गेल्या काही वर्षांचा अनुभव मिळवा. २०२१ आणि २०२२ मध्ये मागणी इतकी होती की एकेका माणसाच्या हातात तीन-तीन ऑफर होत्या. पुढे २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची कर्मचारीसंख्या मिळून चौसष्ट हजारांच्या आसपास घटली, आणि जिथे कायम नोकऱ्याच आटतात तिथे कंत्राटी माणसाचे एक्स्टेंशन सर्वांत आधी थांबते. याच काळात त्याच्या फोनवर ‘नव्वद दिवसांत पगार दुप्पट’ अशा जाहिराती येत राहिल्या. त्याच्या ओळखीच्या एखाद्याने हप्त्यांवर अभ्यासक्रम घेतला, मग असे लक्षात आले की तो हप्ता म्हणजे एका वित्तसंस्थेचे कर्ज होते आणि अभ्यासक्रम अर्धवट सोडला तरी ते कर्ज फेडावेच लागले. एवढे पाहिलेला माणूस तुमच्याकडे सावधपणे पाहतो, यात त्याचा दोष नाही. माझी तुम्हाला विनंती आहे की यापुढे कोणत्याही मजकुरात किंवा बोलण्यात ‘तुम्ही स्वतःवर गुंतवणूक करायला घाबरता’ अशा अर्थाचे वाक्य येऊ देऊ नका. विक्रीच्या प्रशिक्षणात ते शिकवले जाते हे मला ठाऊक आहे, पण ज्याला महिनाअखेरीस टाइमशीट (कामाच्या तासांची नोंद) मंजूर होईल की नाही याची धास्ती असते, त्याला भित्रा म्हणणे क्रूरपणाचे आहे.

‘स्वतःच्या प्रगतीवर खर्च करायला तयार नसतात’ हे तुमचे म्हणणे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते हिशेबानेच सांगते. कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या तासाची किंमत माहीत असते, कारण त्याचे सगळे जगणेच तासांत मोजले जाते. समजा, एखाद्याला महिना नव्वद हजार मिळतात. बावीस दिवस, रोज आठ तास धरले तर त्याचा तास साधारण ५११ रुपयांचा झाला. तुमचे शुल्क जीएसटी धरून सुमारे साडेएकोणतीस हजार होते. त्यात सहा रविवारांचे चोवीस तास, म्हणजे त्याच्या दराने आणखी सव्वाबारा हजार मिळवा. त्याच्या दृष्टीने तुमच्या अभ्यासक्रमाची खरी किंमत एक्केचाळीस-बेचाळीस हजार रुपये आहे. आता तुमच्या शिकवण्यामुळे त्याला पुढच्या एक्स्टेंशनला पाच टक्के वाढ मिळाली असे धरू; ती महिन्याला साडेचार हजार होईल. म्हणजे घातलेले पैसे वसूल व्हायला नऊ महिन्यांहून अधिक काळ लागणार, आणि त्याचा पीओ (त्याच्या कामासाठी क्लायंटने काढलेली परचेस ऑर्डर) मात्र सहा महिन्यांचा आहे! हा हिशेब मी कागदावर मांडला. तुमच्या वेबिनारला आलेल्या ६१ जणांनी तो मनात केला असणार, आणि सत्तावन्न जणांचे उत्तर बरोबरच आले. घरी कुणाला विचारले असेल तर त्या रविवारांची किंमत याहूनही जास्त सांगितली गेली असेल, कारण हिंजवडी आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यातून कोथरूडला किंवा हडपसरला रोज परतणाऱ्या माणसाच्या मुलांना वडील जागेपणी भेटतात ते रविवारीच.

शुल्क कमी करा एवढेच सांगायला मी हा हिशेब मांडलेला नाही. तुम्ही काय विकता, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. पत्रासोबत पाठवलेले तुमचे माहितीपत्रक मी वाचले. ध्येयनिश्चिती, सकारात्मक मानसिकता, वेळेचे नियोजन, प्रभावी संवाद, नेतृत्व, नेटवर्किंग, वैयक्तिक ब्रँड आणि सातत्य अशी आठ सूत्रे त्यात आहेत. यांतले एकही सूत्र वाईट नाही. पण यांतले एकही सूत्र केवळ तुम्हालाच ठाऊक आहे, असेही नाही. हे सगळे फुकट किंवा पाच-सहाशे रुपयांत व्हिडिओवर मिळते, आणि ते सांगणाऱ्याला कंत्राटी माणसाचे आयुष्य माहीत असण्याची गरजही नसते. उलट जी गोष्ट तुम्हाला बारा वर्षांमुळे आतून ठाऊक आहे, तिचा या आठ सूत्रांत उल्लेखसुद्धा नाही. क्लायंटने मोजलेला रुपया कंत्राटी माणसाच्या हातात पडेपर्यंत त्यातले किती, कुठे आणि का कापले जाते, हे तुम्ही रोज पाहिले आहे. त्या माणसाने ते कधीच पाहिलेले नाही.

इथे मला माझा एक अनुभव सांगू द्या. २००९च्या सुरुवातीला, मंदीमुळे आमच्या टीमची एक्स्टेंशन्स महिन्या-महिन्याने येत होती, तेव्हा मी घाबरून शिवाजीनगरच्या एका हॉटेलात भरलेल्या दोन दिवसांच्या नेतृत्व-कार्यशाळेचे आठ हजार रुपये भरले. निळे फोल्डर, पेन आणि चहा मिळाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी उभे राहून मोठ्या आवाजात ‘मी करू शकते’ असे म्हटले. सोमवारी ऑफिसात गेले तेव्हा माझी अडचण जिथल्या तिथेच होती. पुढे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी दर वाढवून मागायला माझ्या व्हेंडरच्या, म्हणजे मला क्लायंटकडे कामाला पुरवणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसात गेले. मॅनेजर जागेवर नव्हते, म्हणून हिशेब पाहणाऱ्या बाईंच्या टेबलाशी बसले. त्यांच्यासमोर हिरव्या वहीत सगळ्या पीओंच्या तारखा पेन्सिलने लिहिलेल्या होत्या. माझ्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “ताई, तुमचा पीओ एकतीस मार्चला संपतोय. नवा पीओ फेब्रुवारीतच मंजुरीला वर जातो. तुम्ही मार्चअखेर येऊन दर मागता, तेव्हा आकडा टाकून झालेला असतो. पुढच्या वेळी जानेवारीत या, आणि येण्याआधी तिकडच्या तुमच्या टीम लीडला आम्हाला एक ईमेल करायला सांगा.” पुढच्या वर्षी मी तसेच केले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझा दर वाढला. त्या बाईंनी माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही, पण त्या दोन वाक्यांसाठी मी आठ हजार आनंदाने दिले असते.

तुमच्याकडे अशी किमान पन्नास वाक्ये आहेत. ती तुम्ही कोणत्या क्रमाने शिकवाल याचा विचार मी तुमच्या जागी बसून करून पाहिला.

पहिली गोष्ट म्हणजे बिलिंग रेटची फोड. क्लायंट व्हेंडरला जो दर देतो, त्यातून माणसाचा पगार, मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, विमा, भरपगारी सुट्ट्या, व्हेंडरचा कार्यालयीन खर्च आणि नफा, एवढे सगळे निघते. मध्ये आणखी एक उपव्हेंडर असेल तर त्याचाही वाटा जातो. क्लायंट साठ किंवा नव्वद दिवसांनी बिल चुकते करतो आणि व्हेंडरला पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो, त्यामुळे तेवढे दिवस पैसे अडकण्याचा खर्चही त्याच दरातून वसूल होतो. हे एकदा समजले की ‘व्हेंडर लुटतो’ आणि ‘क्लायंटकडे बजेट नाही’ ही दोन्ही ढोबळ वाक्ये गळून पडतात. आपल्या बाबतीत वाढीला खरोखर जागा आहे की नाही, हे माणसाला शांतपणे पाहता येते. नसेल, तर तसे कळणे हासुद्धा त्याचा फायदाच आहे, कारण मग तो भांडण्यात वेळ न घालवता दुसरे काम शोधू लागतो.

दुसरी गोष्ट रेट कार्डची. अनेक क्लायंट कंपन्या कौशल्य आणि अनुभवाची वर्षे यांनुसार दरांचे टप्पे ठरवतात, आणि ते कार्ड वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बदलत नाही. पाच ते आठ वर्षांच्या टप्प्यातला माणूस आठ वर्षे ओलांडून पुढच्या टप्प्यात गेला, तर पुढच्या पीओत त्याच्यासाठी क्लायंटकडून वरचा दर मागता येतो; परंतु ही तारीख त्या माणसाला कुणी कळवत नाही, आणि काही वेळा वरचा दर येऊ लागल्यावरही त्याचा पगार जुन्याच टप्प्यावर राहतो. हे घडताना तुम्ही नक्कीच पाहिले असेल. हे शिकवताना जुन्या मालकाशी केलेला गोपनीयतेचा करार पाळा. कोणत्याही क्लायंटचे नाव किंवा प्रत्यक्ष दर सांगू नका, काल्पनिक आकडे घेऊन फळ्यावर फोड करून दाखवा. रचना समजली की आपला आकडा त्यात घालून पाहायला त्यांना मदतीची गरज पडत नाही. ते इंजिनियर आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे मागण्याची वेळ आणि मागण्याची भाषा. पीओ संपण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी बोलणे, क्लायंटकडच्या लीडने व्हेंडरला हा माणूस हवा असल्याचे लेखी कळवणे, आणि माणूस बदलला तर नव्या माणसाला काम समजावण्याचे बिल न होणारे आठवडे कुणाच्या माथी पडतात हे लक्षात ठेवणे. तुमच्या सूत्रांतला ‘प्रभावी संवाद’ इथे आपोआप येतो, कारण त्याला आता एक विषय आणि एक तारीख मिळालेली असते. हा भाग तुम्ही भाषणाने शिकवू नका. तुम्ही व्हेंडरच्या खुर्चीत बसा, विद्यार्थ्याला समोर बसवा, आणि तुम्ही पूर्वी देत होतात तीच सगळी उत्तरे त्याला द्या. ‘बजेट नाही’, ‘मार्केट थंड आहे’, ‘पुढच्या तिमाहीत बघू’ या प्रत्येक वाक्यावर काय विचारायचे, हे त्याला तिथल्या तिथे सुचू द्या. माझ्या मते तुमच्या संपूर्ण अभ्यासक्रमात पैसे मोजण्याजोगा तास हाच असेल.

जे पेरोलवर नसून स्वतःच्या नावाने बिल करतात, त्यांच्यासाठी वेगळा वर्ग घ्या आणि त्यात एका चार्टर्ड अकाउंटंटला बसवा. अशा व्यावसायिकांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, की ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) कायद्याने खरेदीदारावर घातले आहे, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते? किंवा आयटी व्यावसायिकाला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या जमेवर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याचा सोपा मार्ग उपलब्ध आहे? हे विषय तुमचे नाहीत, म्हणून ते स्वतः सांगू नका. पण ते सांगू शकणारा माणूस आणून बसवलात तर तुमच्या वर्गाचे वजन वाढेल.

आता शुल्क. वरचा सगळा मजकूर दोन रविवारांत, तीन-तीन तासांत बसतो. त्याचे साडेतीन हजार घ्या. अठरा टक्के जीएसटी धरून ४,१३० रुपये आणि सहा तासांचे सुमारे तीन हजार, अशी त्या माणसाची एकूण किंमत ७,२०० रुपयांच्या आत राहते, आणि पाच टक्के वाढ मिळाली तर दोन महिन्यांच्या आत ती भरून निघते. (सेवांसाठी वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते. तुम्ही ती घाईने केली आहे का, हे तुमच्या सल्लागाराला एकदा विचारा, कारण पेरोलवरच्या ग्राहकाला त्या कराची वजावट कुठेच मिळत नाही.) हा हिशेब तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर जसाच्या तसा छापा, आणि त्याखाली हेही लिहा की वाढ मिळेलच याची हमी नाही. पैसे परत मागण्याची अट सोपी ठेवा: पहिल्या रविवारनंतर चोवीस तासांत कळवल्यास पूर्ण रक्कम सात दिवसांत परत, कारण विचारले जाणार नाही. ज्या दोघांनी आत्ता पैसे मागितले आहेत त्यांचे पैसे हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच परत करा. हप्त्यांची सोय वित्तसंस्थेमार्फत मुळीच देऊ नका. साडेतीन हजारांना तिची गरजही पडणार नाही.

तुमच्या आत्ताच्या जाहिरातीविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. ‘तीन महिन्यांत करिअरची दिशा पालटण्याची हमी’ आणि ‘फक्त सात जागा शिल्लक’ ही दोन वाक्ये काढून टाका. ६१ पैकी चौघांनीच प्रवेश घेतला असताना फक्त सातच जागा शिल्लक असणे शक्य नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. खोटी घाई निर्माण करणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या विक्रीपद्धतींमध्ये नमूद केलेला प्रकार आहे. कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोकरीची किंवा यशाची खोटी हमी देण्यास आणि विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याचे नाव व छायाचित्र वापरण्यास त्यांत मनाई आहे. पन्नासपेक्षा कमी विद्यार्थी असलेला तुमचा वर्ग त्या व्याख्येत येतो का, हा प्रश्न वकिलासाठी सोडा. पण २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा तुम्हाला लागू आहेच, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तरीसुद्धा ही वाक्ये काढण्याचे माझे मुख्य कारण कायदा नाही. तुमचा श्रोता दिवसभर दुसऱ्याच्या प्रणालीतल्या चुका शोधून पगार मिळवतो. त्याला पहिल्या पानावर एक खोटी गोष्ट सापडली की पुढची नऊ पाने तो वाचतच नाही.

‘यश’ हा शब्दही मी शीर्षकातून काढीन. एखाद्याला आजारी आईजवळ राहता यावे म्हणून घरून काम देणारे कंत्राट हवे असते, तर एखाद्याला मुलाच्या दहावीचे वर्ष पार पडेपर्यंत दर न वाढता एक्स्टेंशन मिळाले तरी पुरते. त्यांच्या आयुष्यातले यश त्यांनाच ठरवू द्या. ‘कंत्राटी आयटी कर्मचाऱ्यांसाठी: दर, पीओ आणि एक्स्टेंशन’ एवढे साधे नाव ठेवले तरी ज्याला गरज आहे तो थांबून वाचेल.

स्टाफिंग कंपन्यांकडून मिळणाऱ्या मोबदल्याचा विषय तुम्ही ‘जाता जाता’ लिहिला आहे, पण माझ्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. विद्यार्थ्याने तुमच्याकडे येऊन आपला सध्याचा दर, पीओची तारीख, घरची अडचण आणि किमान किती रकमेवर तो तयार होईल, हे सगळे विश्वासाने सांगायचे. आणि त्याच वेळी, त्याला कमी दरात घेण्यात ज्यांचा फायदा आहे अशा कंपन्यांकडून तुम्ही पैसे घ्यायचे, हे एकत्र चालणार नाही. नुसते सांगितल्याने ते योग्य ठरेल असेही मला वाटत नाही. निदान विद्यार्थ्यांच्या बाबतीत तरी हा मोबदला पूर्णपणे बंद करा, तसे दोन्ही कंपन्यांना लेखी कळवा आणि ते पत्र वर्गात दाखवा. तुमच्या घरखर्चाचा मोठा भाग त्यावर चालत असेल आणि तो सोडणे आज शक्य नसेल, तर उमेदवार पुरवण्याचे कामच करा आणि शिकवण्याचे काम वर्षभर पुढे ढकला. उमेदवार पुरवणे हा प्रामाणिक व्यवसाय आहे. तुमचा वर्ग त्या व्यवसायाचे जाळे ठरता कामा नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता त्या गृहस्थांकडे वळते. नोंदणीच्या यादीत त्यांचा फोन क्रमांक असेल. त्यांना फोन करण्याआधी दोन ओळींचा संदेश पाठवून वेळ मागा, आणि आपण काहीही विकणार नाही असे त्यात लिहा. त्यांनी होकार दिला तर २०२१ मध्ये नेमके काय झाले होते ते त्यांना खरे सांगा. क्लायंटचे रेट कार्ड खरोखर बंद होते का? की त्याच वर्षी वरचा दर मिळाला होता आणि तो तुमच्या कंपनीने मार्जिनमध्ये, म्हणजे स्वतःच्या नफ्यात, ठेवला? की तुम्ही क्लायंटला विचारलेच नव्हते, कारण त्या तिमाहीचे तुमचे स्वतःचे उद्दिष्ट मार्जिनवर ठरलेले होते? यांपैकी जे खरे असेल ते जुन्या कंपनीचे गुपित न फोडताही तुमच्या वागण्यापुरते सांगता येते. ते सांगताना तुम्हाला त्रास होईल, आणि तिकडून रागाचे दोन शब्द येतील तेही ऐकून घ्यावे लागतील. मग त्यांना विचारा, की त्या दिवशी माझ्यासमोर बसताना तुम्हाला कोणती माहिती हातात हवी होती. ते जे सांगतील ते लिहून घ्या, आणि याच पद्धतीने आणखी नऊ-दहा जणांना भेटा. हिंजवडीतल्या एखाद्या चहाच्या टपरीवर, त्यांच्या सोयीच्या वेळी, एकेकट्याने. तोपर्यंत पुढचा वेबिनार ठेवू नका आणि जाहिरातीवर एक रुपयाही खर्च करू नका. त्या दहा जणांनी सांगितलेल्या गोष्टींतून तुमच्या दोन रविवारांचा मजकूर तयार होईल, आणि त्यातला पहिला तास त्या गृहस्थांच्या प्रश्नाने, त्यांची परवानगी घेऊन आणि त्यांचे नाव न सांगता, सुरू करता येईल.